बंद ठेवलेली नोंद

सेवाकेंद्रातल्या मृणालने पडदा कुमुदिनीबाईंकडे वळवला. "आजी, आजोबांचं कृत्रिम हृदय ठणठणीत आहे. एकही बिघाड नोंदलेला नाही."

शेजारी बसलेले त्यांचे पती वसंतराव ओशाळून हसले. आठवड्यात ते तीनदा कोसळले होते. हृदय बदलून मिळणार की नाही, हे या नोंदीवरच ठरणार होतं.

कुमुदिनीबाईंनी चष्मा लावला. घरगुती यंत्रांच्या आतली संगणकप्रणाली लिहिण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. "बिघाड नोंदवण्याचा पर्याय कुठाय?"

"तो कंपनीतूनच बंद येतो. बॅटरी वाचते."

"आम्ही साध्या वॉशिंग मशीनमध्येसुद्धा तो चालू ठेवायचो. तुम्ही माणसाच्या छातीत बंद ठेवता आणि वर म्हणता, बिघाड नाही?"

"वरून तसं सांगितलंय, आजी."

"सरक."

त्यांनी स्वतःच पर्याय चालू केला आणि पडद्यासमोर बसून राहिल्या. वसंतराव म्हणाले, "अगं, जाऊ दे ना."

दहा मिनिटांनी पहिली ओळ उमटली: हृदय दोन सेकंद थांबले.

वसंतराव अजून हसतच होते. मृणालचा हात पर्याय बंद करायला पुढे आला. कुमुदिनीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"हे आधी कागदावर छाप. आणि खाली सही कर."