लाल ग्लायडर

पवनचे पाय जमिनीवरून सुटले आणि इर्शादने मान फिरवली. मग परत वळवली. न बघता राहवेना.

टाकव्याच्या वरच्या त्या डोंगरावर बावीस वर्षं पहिलं उड्डाण इर्शादचं असे. तो हवेत गेल्याशिवाय दुसरा कुणी पॅराग्लायडर उघडायचा नाही. आज महिन्याभराने डोंगरावरून कुणीतरी उडालं, तो पवन. त्याला उडायला इर्शादनेच शिकवलेलं.

नवे नियम आले तेव्हा अकराही पायलटांनी चहाच्या टपरीवर भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली होती, परवाना कुणी घ्यायचा नाही. विमानांचा नवा मार्ग या बाजूने जाणार, म्हणून उंचीला मर्यादा, प्रत्येकाच्या छातीला रेडिओ, आणि उडायची परवानगी आदल्या दिवशी मोबाइलवर मागायची. उद्याचा वारा आज कुणाला ठाऊक, असं इर्शादने विचारलं, तेव्हा सगळ्यात जोरात मान पवननेच हलवली होती. पुढच्या आठवड्यात पठ्ठ्याने गुपचूप अर्ज भरला.

शपथ मोडली म्हणून राग आहे, असं इर्शाद सगळ्यांना सांगे. ते खोटं नव्हतं, पण पोटदुखी निराळी होती. परवाना आपल्यालाही हवा होता. आता घ्यायचा म्हणजे चेल्याच्या मागे रांगेत उभं राहायचं. खरं घोडं तिथे पेंड खात होतं.

तरी तो वर आला होता. डोंगराचा रिवाजच तसा होता. कुणीही हवेत असलं की एका जाणत्याने वर बसायचं, आपला घडी केलेला लाल ग्लायडर शेजारी ठेवून. वारा फिरला की तो गवतावर पसरायचा. लाल दिसलं की उडणाऱ्याने डोंगर सोडून शेतांकडे उतरायचं. हे काम इर्शादचं. सकाळी पवनने फोन करून विचारलं होतं, "भाऊ, वर येताय ना?" इर्शादने उत्तर न देता फोन ठेवला होता.

पवन चढत गेला. धरणाचं पाणी, वीटभट्टी, हरभऱ्याची शेतं, सगळं त्याच्या पायाखाली. डावा खांदा टाकून तो वळण घेत होता. ती लकबसुद्धा इर्शादची. आपलंच उडणं दुसऱ्याच्या अंगावर बघताना इर्शादचा जीव जळत होता.

तेवढ्यात त्याच्या मानेला गार वारा लागला. पाठीमागून. खाली भट्टीचा धूर इतका वेळ डोंगराकडे येत होता, तो सरळ उभा राहिला आणि उलटा झुकला. वारा असा फिरला की डोंगरापुढची हवा घुसळते आणि भरलेला ग्लायडर मिटतो.

इर्शादचा हात पिशवीच्या चेनवर गेला. तिथेच राहिला. रेडिओ आहे की त्याच्या छातीला. रेडिओवाल्यांनी वारा मोजायचं नवं यंत्रही बसवलंय. मोजू दे. सांगू दे.

पवन पडावा असं त्याला वाटत नव्हतं. त्याने जरा घाबरावं, खाली टपरीवरून बघणाऱ्या सगळ्यांदेखत, एवढंच वाटत होतं. दोन मिनिटं गेली असतील, कदाचित तीन.

पवनच्या ग्लायडरची उजवी कड मिटली. उघडली. पुन्हा मिटली आणि पवन झोक्यासारखा एका अंगाला फेकला गेला. इर्शादने चेन तोडलीच. लाल कापड गवतावर पसरलं, कडांवर दगड ठेवले आणि आवाज पोचणार नाही हे माहीत असून तो ओरडत राहिला.

पवन लगेच वळला. डोंगर सोडून खाली गेला आणि हरभऱ्यात जोरात आदळला.

इर्शाद धावत उतरला, तेव्हा पवन बांधावर बसला होता. घोटा सुजून बुटाबाहेर आला होता. रेडिओवर कुणीतरी त्याला झापत होतं, तीनदा उतरायला सांगून ऐकलं का नाही म्हणून.

"तीनदा सांगितलं?" इर्शादला धाप लागली होती. "मग उतरला का न्हाईस?"

"सांगितलं की. पर मी तिन्ही बारीला तुमच्याकडं बघितलं, भाऊ. लाल न्हवतं." पवनने घाम पुसला. "म्हनलं, भाऊ बसल्यात, म्हंजी वारा ठीक हाय."

खाली बसून इर्शादने पवनच्या बुटाची नाडी सोडायला घेतली. साधीच गाठ होती, पण ती त्याच्या हाताने सुटेना.