थांब म्हटल्यावर

"कुत्रा चालेल," फोनवर घरमालकीण म्हणाली, "पण मागच्या आठवड्यात सांगितलं तसं, थांब म्हटलं की थांबणारा हवा. आमच्याकडे माळावर मेंढ्या मोकळ्या चरतात, आणि माळ संपतो तिथे एकदम कडा. खाली समुद्र. ऐकत नसेल तर आत्ताच सांगा, बाई. मी संध्याकाळी परत फोन करते."

लेकीने फोन ठेवला आणि टेबलाखाली पाहिलं. साहेब तिच्या पावलावर हनुवटी टेकून झोपले होते. कुत्र्याला साहेब म्हणायची पद्धत बाबांची. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांपेक्षा जास्त अदबीने ते याच्याशी बोलायचे.

टेबलावर नकाशा पसरला होता, त्यावर बाबांचं मोठं भिंग. भिंग सरकवलं की तपकिरी माळ फुगून वर यायचा. सायकलची वाट नकाशावर केसाएवढी. भिंगाखाली ती दोरीएवढी व्हायची आणि डुलत डुलत निळ्यात उतरायची. बराच वेळ पाहिलं की वारा ऐकू यायचा. ओलं गवत, चिखलात रुतलेली चाकं, शेजारून धावणारे चार पाय. आणि पुढे, नेहमी थोडी पुढे, एक ओळखीची पाठ.

ही सहल बाबांनी ठरवलेली. गेल्या वर्षी राहून गेली. आता लेक त्यांच्या सायकलवरून जाणार होती आणि आई समुद्राकडे बघत बसणार होती. पण साहेबांवाचून जायचं तर मग कशाला जायचं? आणि साहेबांना 'थांब' कळत नव्हतं. म्हणजे कळत होतं, पण उलटं.

त्याला कारण बाबाच. उताराच्या तोंडाशी सायकल उभी करून ते पिल्लाला म्हणायचे, "थांब." मग चष्मा पुसायचे. तो नाकावर नीट बसायच्या आतच त्यांना राहवायचं नाही आणि ब्रेक सुटायचा. पिल्लाने काय ते ओळखलं. थांब म्हणजे सुटा. पुढे घरातही तेच रुळलं. कुणाच्या लग्नात कंटाळा आला की बाबा आईच्या कानाशी वाकायचे, "थांबू या का जरा?" आई लगेच पर्स उचलायची. लेक पहिल्यांदा परगावी शिकायला निघाली तेव्हा गाडीच्या खिडकीशी येऊन ते म्हणाले होते, "थांब गं आता." डोळे भरलेले, आणि वर हसू.

"पुन्हा एकदा बघते," लेक उठली. तिने हातात बिस्किट घेतलं. "साहेब. थांब."

साहेब उठले, अंग झटकलं आणि सरळ दारावर धडकले.

आई खिडकीशी बसून बाबांचा रेनकोट लेकीच्या मापाने आखूड करत होती. तिने दोरा दाताने तोडला. "आठवडाभर बिस्किटं खाऊन नुसता फुगलाय. माळावर मेंढ्यांच्या मागे धावेल कसला, गडगडत जाईल."

"आई, चेष्टा नको. ती बाई नाही म्हणेल."

"मग दुसरी जागा बघू."

"दुसरी नको. बाबांनी हीच बघितली होती." लेक दारापाशी गेली. साहेब पंजाने कडी वाजवत होते. तिने त्यांचा पट्टा धरला. "या घरात कुणी कधी माझं ऐकलंय? हा ऐकत नाही. बाबांनी ऐकलं नाही."

आईची सुई थांबली. "त्यांनी काय ऐकलं नाही?"

वर्षभर लेकीने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी दवाखान्यात तू खाली औषध आणायला गेली होतीस. मी त्यांचा हात धरला होता. म्हटलं, थांबा ना, बाबा." ती कुत्र्याच्या पाठीकडे बघत होती. "आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही मी. त्यांनी डोळे उघडले. हसले. आणि दुकानात निघताना म्हणायचे ना, तसंच म्हणाले..."

तिला ते नुसतं सांगता येईना. आवाज आपोआप खाली गेला, बाबांसारखा घोगरा झाला, शेवटी लांबला. "येतोऽ."

कडी वाजायची थांबली.

साहेब मटकन खाली बसले. कान ताठ, पुढचे पाय जुळवलेले, नजर दारावर. रोज सकाळी बाबा दुकानात निघाले की बसायचे, तसे. दोघी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. या घरात वर्षभर तो शब्द त्या आवाजात उमटला नव्हता. दोघी बाहेर पडताना 'येते' म्हणायच्या, आणि 'येते'ला साहेब शेपूटही हलवायचे नाहीत.

आई उठली. तिच्या हातातला रेनकोट जमिनीवर लोळत आला. "वेडे," ती म्हणाली, "तू त्यांना थांबा म्हणालीस?"

"हो."

"आपल्या घरात?"

लेकीने वर पाहिलं.

"मग त्यांनी ऐकलंच की गं तुझं," आई म्हणाली. "त्यांना वाटलं, लेक म्हणतेय, निघा. रीतीने येतो म्हणाले आणि निघाले."

लेकीला हसू आलं, आणि ते मध्येच ओलं झालं. ती साहेबांशेजारी फरशीवर बसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फोन वाजला तेव्हा खिडकीतलं ऊन दारापर्यंत सरकलं होतं, आणि साहेब जागचे हलले नव्हते.

"मग काय ठरलं?" घरमालकिणीने विचारलं. "थांबतो का तुमचा कुत्रा?"

"थांबतो," लेक म्हणाली. "'येतो' म्हटलं की थांबतो. कितीही वेळ."