ट्रम्पेटमधला मोजा

पाडायला काढलेल्या चाळीतच नाटक चाललं होतं. प्रेक्षक नटांच्या मागोमाग गॅलरीतून फिरत होते. जॅझवाल्याचं काम करणाऱ्या नटाने भर दुपारी ट्रम्पेट जोरात फुंकलं.

तोच नऊ नंबरचं दार उघडून एक म्हातारी बाहेर आली.

"थांब रे! दुपारी असं कुणी वाजवत नव्हतं इथं. हॉटेलात रात्रभर वाजवून आलेले झोपलेले असायचे."

हातातला लोकरीचा मोजा तिने ट्रम्पेटच्या कर्ण्यात कोंबला. "माझा नवरा कायतान असा रियाज करायचा. आता वाजव."

सूर एकदम मऊ झाला. संपल्यावर टाळ्यांनी गॅलरी दणाणली.

"काय सुंदर काम करता हो तुम्ही!" एक प्रेक्षक म्हातारीला म्हणाला.

"काम?" म्हातारीने मान ताठ केली. "बिल्डरला सही दिलेली नाही मी. राहते इथं."