दोन ठोके

पुढून एक ठोका आला. रांग थांबली. नायरीने कुऱ्हाडीचा दांडा बर्फावर दोनदा आपटला, आणि रांग पुन्हा चालू लागली.

हिमनदीवरचा वारा माणसाचे बोलणे पुढे जाऊ देत नाही. बर्फाच्या भिंतींआड वायरलेसही मुका होतो. ठोका मात्र बर्फातून लांबवर जातो. म्हणून इथले वाटाडे ठोक्यांनी बोलतात. सर्वांत पुढचा एकदा ठोकतो : सगळे आहेत ना? सर्वांत मागचा दोनदा ठोकतो : आहेत, चला. उत्तर येईपर्यंत कोणी हलत नाही. आणि कोणाकडूनही तीन ठोके आले, तर ज्याने त्याने आहे तिथेच खिळून उभे राहायचे. पाऊलसुद्धा उचलायचे नाही.

हेलिकॉप्टरने सकाळी आठ पाहुण्यांना वर सोडले होते. रात्रीच्या हिमवर्षावाने निळा बर्फ पांढऱ्याखाली झाकला गेला होता. पुढे मेरेआना होती. नायरीनेच शिकवून तयार केलेली, पायाने पक्की आणि तोंडाने त्याहून पक्की. पाहुण्यांच्या बुटांखाली लोखंडी दात बांधताना ती म्हणाली होती, "मावशी, मागे राहून डुलक्या काढू नका हं. तुमचे ठोके आले नाहीत तर आम्ही उभ्या उभ्या गोठू."

"तू वाट बघून चाल. माझ्या डुलक्यांचं मी बघते."

नायरीच्या पुढे केल्विन नावाचा धिप्पाड गवळी चालला होता. गप्प राहणे त्याला ठाऊक नव्हते.

"बाई, जन्मभर गायींच्या मागून चाललोय. आज पहिल्यांदाच माझ्या मागून कोणीतरी चालतंय."

"मग गायीसारखंच चाला. पुढचीच्या पावलावर पाऊल."

तो हसला. नायरी त्याच्यापासून चार पावले मागे राहिली. शेवटच्याने तेवढे अंतर ठेवायचेच असते.

मागच्या वर्षापर्यंत ती पुढे चालायची आणि तिचा धाकटा भाऊ रेवी शेवटी. अशाच ताज्या बर्फाच्या एका दिवशी तिने एकदा ठोकले. मागून दोन ठोके आले. ती चालत राहिली. पुढच्या वळणावर तिने पुन्हा ठोकले, तेव्हा उत्तर आले नाही. तिने वळून पाहिले. रांग होती. रेवी नव्हता.

चौकशीत रांगेतली शेवटची पाहुणी म्हणाली, ते दोन ठोके वाजले तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. मागे कोणीच नव्हतं. वाटलं, फोटो काढायला थांबला असेल. रेवीला बर्फातल्या खोल भेगेतून वर काढले तेव्हा कुऱ्हाड त्याच्या मुठीत होती. डॉक्टर म्हणाले, पडल्यापडल्याच गेला असणार. मग ठोके? बर्फ तडकताना वाजतोच, असे सगळ्यांचे मत पडले.

रीतीप्रमाणे तीन दिवस आई उघड्या शवपेटीला लागून बसली होती. गाव येत होते, रडत होते, गात होते. आई नायरीशी एकदाच बोलली.

"दोन ठोके कोणी मारले?"

"बर्फ वाजला, आई. तो जिवंत असता तर त्याने तीन मारले असते. तीन ऐकले असते तर मी थांबले असते."

"मी ते नाही विचारलं," आई म्हणाली.

तेव्हापासून नायरी रेवीची कुऱ्हाड घेऊन शेवटी चालू लागली. भांड्यावर झाकण ठेवताना, खिडकीचे दार वाऱ्याने आपटताना तिला दोन ठोके ऐकू यायचे. तिसऱ्याची ती वाट पाहायची. तो कधीच यायचा नाही.

केल्विन आता आपल्या एका लंगड्या गायीची गोष्ट सांगत होता. गाय गोठ्यापर्यंत पोचली तेव्हा नायरीच्या पायाखालचा बर्फ गेला.

ओरडायलाही वेळ मिळाला नाही. ती भेगेच्या भिंतीतल्या एका अरुंद पायरीवर येऊन आदळली. एक पाय विचित्र वळला होता. वायरलेस खालच्या काळोखात गेला होता. रेवीची कुऱ्हाड तेवढी मनगटाच्या पट्ट्याला लटकून होती. तिने हाक मारली. भुसभुशीत बर्फाने हाक गिळली. वरून केल्विनचा आवाज येत होता. गोष्ट चालूच होती.

तिने मान वर केली.

भेग वाटेला आडवी नव्हती. वाटेच्या खालून, वाटेसोबतच गेली होती. तिच्यावर रात्रीच्या बर्फाचे पातळ छप्पर होते. त्यातून उजेड झिरपत होता, आणि त्या उजेडात पावलांच्या सावल्या एकामागून एक पुढे सरकत होत्या. प्रत्येक पावलासरशी छपरातून भुगा गळत होता. चालत्या पावलांना ते अजून पेलत होते. थोडे पुढे भिंती एकमेकींना मिळाल्या होत्या. तिथून पुढे वाट घट्ट होती.

नायरीने कुऱ्हाड मुठीत घेतली. तीन मारले की मेरेआना थांबेल. दोर येईल, हेलिकॉप्टर येईल.

पुढून एक ठोका आला.

सावल्या थांबल्या. आठही जण तिच्या डोक्यावर उभे राहिले. केल्विनच्या सावलीखाली छप्पर हळूच वाकले, आणि त्यात केसासारखी एक रेघ उमटली.

तिने भिंतीवर कुऱ्हाड मारली. मग दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यासाठी वर गेलेला हात तिने तसाच खाली घेतला.

वर पावले चालू लागली.