पक्कं चिलखत

लढाईतून पळाला म्हणून कप्तान आइटेलने ऑग्सबुर्गच्या वेंडेल लोहाराच्या एकुलत्या एक पोराला झाडाला लटकवलं. वर्ष सरायच्या आत तोच कप्तान स्वतःसाठी आणि आपल्या तरुण मुलासाठी चिलखतं घडवून घ्यायला आला, कारण वेंडेलच्या तोडीचा कारागीर गावात दुसरा नव्हता.

"त्या मेल्यासाठी घण उचलणार तुम्ही?" बायकोने विचारलं.

"उचलणार. गोळी आत शिरणार नाही असं घडवीन."

कप्तान सावध होता. त्याने आपलं चिलखत खांबाला बांधून त्यावर बंदूक झाडायला लावली. पोलादाला नुसता पोचा आला. खूश होऊन तो दोन्ही चिलखतं घेऊन गेला.

हिवाळ्यात तो परतला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मुलाचं भोक पडलेलं चिलखत त्याने ऐरणीवर आदळलं.

"आम्ही बापलेक शेजारी शेजारी उभे होतो. गोळ्या मलाही लागल्या. मग याचंच कसं फुटलं?"

वेंडेलने त्या भोकाच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं.



"तुमचं मी मुद्दाम पक्कं केलं, कप्तानसाहेब. माझ्यासारखंच तुम्हालाही आता पोरामागे जगायचंय."