पुलाखाली

नव्या पुलावरून पहिला भरलेला डंपर जाताना बांधणाऱ्यानं पुलाखाली उभं राहायचं, ही धोत्र्यांच्या घरातली रीत. दगड फोडता फोडता ठेकेदार झालेल्या हणमंता धोत्र्यांनी ती सुरू केली आणि त्यांच्या मुलानं, आप्पांनी, चाळीस वर्षं पाळली.

हा पूल मात्र आप्पांच्या मुलानं, नरसिंगनं बांधला होता. तरी सकाळी आप्पाच काठी टेकत ओढ्यात उतरू लागले.

"आप्पा, आज नको. गुडघे दुखतात तुमचे."

"पुलावर नाव आपलं लागणार आहे ना?" म्हणत ते मधल्या खांबापाशी जाऊन उभे राहिले.

डंपर निघाला. नरसिंग धावला आणि हात पसरून डंपरला आडवा झाला.

"थांबव! सळई कमी घातलीय मी. पूल भार घेणार नाही!"

नरसिंग धडपडत खाली पोचला. आप्पांनी सगळं ऐकलं होतं.

"बाहेर चला आप्पा, पाया पडतो."

आप्पांनी वर तोंड करून ड्रायव्हरला हाक दिली, "येऊ दे गाडी!"

नरसिंगनं त्यांच्या कमरेला मिठी घातली. वर ड्रायव्हरनं इंजिन बंद करून चावी काढली. आप्पा तिथून हलेनात.