डालग्याखालची अंडी

“आत्या, आज-उद्या फुटत्याल बगा अंडी.”

तान्हं लेकरू गेल्यापासून रुपाली पहिल्यांदा बोलली. बानूबाईची तव्यावरची भाकर करपली. करपू दे मेली! सून बोलली होती.

फुटणार होती ती सुरयीची अंडी. दुधनेच्या धरणाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या रेताडावर हे पाखरू येतं. पिवळी चोच, काळं डोकं, कातरीसारखं शेपूट. घरटं बांधायची अक्कलच नाही बयेला! पोटानं रेतीत खळगी करायची नि त्यात अंडी घालायची, तीही ऐन चैत्राच्या उन्हात. अंगद धनगराचा मेंढ्यांचा वाडा तिथून हाकेच्या अंतरावर बसला होता. अंगदची सून रुपाली दिवसभर पालाच्या तोंडाशी बसून त्या पाखराकडे बघत राहायची. ना खाणं, ना रडणं. पिल्लं निघाली तर पोरगी उठेल, असं तिच्या सासूनं, बानूबाईनं, मनाशी धरलं होतं.

आणि आज पोरगी उठली. अर्धी भाकर खाल्ली, दळणाचा डबा डोक्यावर घेतला नि गावात गेली.

ऊन चढलं. मेंढ्या पाण्यावर न्यायची वेळ झाली, आणि वाट नेमकी त्या खळगीवरून.

“आवो, आज जरा लांबून न्या की,” बानूबाई म्हणाली.

“मेंढरू कुटं ऐकतंय?” अंगद म्हणाला. “एक गेलं की सारी त्याच्याच मागं.”

मग बानूबाईनं धनगरणीला सुचेल तेच केलं. कळपाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून कोकरं झाकतात ते डालगं उचललं नि अंड्यांवर पालथं घातलं. पाखरू किंचाळत तिच्या डोक्यावर झेपावलं. पुन्हा आलं. पुन्हा. “अगं बाई, तुजंच राखायलेय!” ती ओरडली. ऊन लागू नये म्हणून तिनं वरून गोणपाट टाकलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला.

कळप डालग्याला वळसा घालून पाण्यावर गेला. एका मेंढीचा खूर लागला नाही. बानूबाईला लय बरं वाटलं. निदान एवढं तरी आपल्या हातानं वाचलं. लेकराला वारं लागू नये म्हणून घोंगडीत घट्ट गुंडाळणारे हातही हेच होते. ते रुपाली कधी तोंडावर बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं. न बोललेलं बानूबाईच्या कानात सारखं वाजायचं.

मेंढ्या परत त्याच वाटेनं येणार, म्हणून तिनं डालगं तसंच राहू दिलं. पाखरू पाण्याकडे जायचं, पोट भिजवून यायचं नि गोणपाटावर बसायचं. ओला डाग पडायचा, लगेच वाळायचा. पाखरू पुन्हा पाण्याकडे. त्याला ओल्या गोणपाटावर बसायला गार वाटत असेल, असं बानूबाईला वाटलं. त्याचं ओरडणं मात्र ऐकवत नव्हतं. बानूबाईनं पदर कानावरून घट्ट ओढून घेतला.

ऊन कलायच्या आत रुपाली परतली. रेताडावर नजर गेली तशी डबा टाकून ती धावली. दगड लोटला, डालगं उलथलं. आतून चुलीच्या तोंडासारखी धग आली. एका अंड्याला भोक पडलं होतं. चोचीचं इवलंसं टोक बाहेर आलं होतं. हलत नव्हतं.

“मेंढरं तुडवत्याल म्हून झाकलं गं,” बानूबाई म्हणाली.

“ती पोट भिजवून आणती, आत्या. त्या पाण्यानं अंडी गार ऱ्हात्यात.”

बानूबाई तिथंच रेतीत बसली. आता तरी पोरगी बोलेल, शिव्या देईल, केस उपटेल, असं तिला वाटलं. रुपालीनं तिला दंडाला धरून उठवलं नि पालाकडे आणलं. मग सांडलेलं पीठ रेतीवरून ओंजळीनं गोळा करत बसली.

पाखरू खाली उतरलं. ओलं पोट अंड्यांवर टेकून बसलं. थोड्या वेळानं उठलं, पाण्यात पोट बुडवून आलं, पुन्हा बसलं. मेंढ्या आल्या, अंगदनं त्या कशाबशा लांबून हाकल्या, तरी ते उठलं नाही.

बानूबाईला बघवेना.

“अगं, सांगा की कुनीतरी तिला! काय ऱ्हायलं न्हाई म्हनावं आत!”

रुपालीचे हात पिठात थांबले.

“मलाबी सांगितलं व्हतं की तुमी,” ती म्हणाली. “मी दिलं का लेकरू?”